ऊन दाखवलेलं पाणी

काशिरामच्या हातात कुणी पाण्याचा पेला दिला की तो लगेच ओठाला लावायचा नाही. उंबऱ्याबाहेर जायचा, पेला उन्हात धरायचा, एक डोळा मिटून आरपार बघायचा आणि मगच प्यायचा. सोयऱ्यांकडे गेला तरी तेच. धाकट्या भावासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही स्वारी पेला घेऊन अंगणात. त्याच्या बायकोने, शांतीने, तिथेच चारचौघांत सुनावलं होतं, "पोरगी बगाला आलाव का पानी?" मांडव पडेपर्यंत लोक ते आठवून हसत होते.

पण त्याचं चुकत होतं असं म्हणवत नाही. त्याचा जन्मच मिठागरावरचा. पनवेलच्या खाडीकाठी आज जिथे भराव टाकून रुंद रस्ता गेलाय, तिथे एकेकाळी नजर पोचेल तिथवर मिठाचे वाफे होते. त्याचा बाप तिथे राबला, आजा राबला, आणि चालता येऊ लागल्यापासून काशिरामही चिखलात उतरला. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून कोंडायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत राहायचं. बाकीचं ऊन बघून घ्यायचं. खाडीचं ते पाणी काय लायकीचं असतं ते काठावर राहणाऱ्यालाच ठाऊक. गावाची घाण त्यात, गटारं त्यात, मेलेली जनावरं त्यात. आणि त्याच पाण्यातून चैत्रात पांढरंशुभ्र मीठ उचलायचं. हे ज्याने लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलं त्याला उन्हाचं मोठेपण कुणी शिकवायला नको, आणि उन्हाबद्दल शंका घ्यायला तर कुणी शिकवूच नये.

त्यामुळे घरातली हरेक वस्तू उन्हात जायची. गोधड्या, सुकट, मिरच्या, उशा. मुलगी निशा जन्मली तेव्हा पिवळी होती, तर काशिरामने तिला रोज कोवळ्या उन्हात मांडीवर घेऊन बसावं. ती बरी झाली. मग काय, त्याचा शब्द घरात कायदाच झाला.

मिठागरं गेली. काशिराम नवीन पनवेलच्या एका सोसायटीत पंप चालवायला लागला, तिथेच त्याचे केस पिकले. तक्रार करायचा त्याचा स्वभाव नव्हता. फक्त सोसायटीच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या बघितल्या की तो नाक मुरडायचा. पाणी असं अंधारात कोंडायचं असतं का, म्हणायचा.

मग शांतीच्या किडन्या गेल्या.

आधी पाय सुजले, मग तोंड. मग आठवड्यातून कितीतरी वेळा डायलिसिसच्या खुर्चीवर बसणं आलं. बोलभांड बाई, पण त्या खुर्चीवर बसली की गप्प होऊन भिंतीकडे बघत राहायची. काशिरामला ते बघवेना. डॉक्टरांनी किडनी बदलायचा विषय काढला तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "माजी काडा." तपासण्या झाल्या, जुळली. त्याच्या कुशीतली एक किडनी काढून तिच्या पोटात बसवली. बाईच्या तोंडावर पुन्हा रंग आला, आणि पहिलं काम तिने काय केलं, तर नवऱ्याला टोमणा मारला. "आता माज्या पोटात पन तुमीच." काशिराम त्या दिवशी वॉर्डाबाहेर जाऊन रडला. सुखाने रडला, हे सांगितलंच पाहिजे.

सुट्टी देताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. "ही किडनी यांच्या शरीराला परकी वाटणार," ते म्हणाले. "शरीराने ती हाकलू नये म्हणून औषधं देऊन आम्ही यांच्या अंगातला पहारा ढिला केलाय. तो आता जन्मभर ढिलाच राहील. तुम्हाआम्हाला ज्याने एक दिवस पोट बिघडेल, त्याने यांच्या जिवावर बेतेल. पाणी उकळून, गार करून, झाकून. यात हयगय नको."

पाण्याचं काम म्हणजे आपलंच, हे काशिरामने तिथेच ठरवलं. घरात दुसऱ्या कुणाला त्याने पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही. गावच्या नळाला कधी पाणी यायचं, कधी नाही, म्हणून त्यांच्या अंगणात बोअरवेल होती आणि अर्धी गल्ली तिच्यावरच तहान भागवायची. काशिराम सकाळी तेच पाणी पातेल्यात खळाखळा उकळायचा. पण शांतीला ते जाईना. एक घोट घ्यायची आणि तोंड वाकडं करायची.

"ह्या पान्यात जीव नाय," ती म्हणायची.

"डाक्टरनी सांगितलंय."

"डाक्टर पितो का असलं?"

ती पाणी कमी पिऊ लागली, आणि नव्या किडनीला तर पाणी भरपूर हवं. काशिरामच्या जिवाला घोर लागला. तेवढ्यात यंत्र विकणारा एक तरुण दारी आला. भिंतीवर लावायची लांबट पेटी, आत काचेची नळी, नळीभोवतीनं पाणी जाणार आणि नळीत जांभळा उजेड पेटणार. जंतू जागच्या जागी खलास, उकळायची कटकट नाही.

"हा कसला उजेड?" काशिरामने विचारलं.

"सूर्याच्या उन्हात असतो ना काका, त्यातलाच एक किरण. तोच नळीत कोंडलाय समजा."

एवढं ऐकल्यावर काशिरामला पुढचं काही ऐकायची गरज उरली नाही. म्हणजे शेवटी ऊनच की. साऱ्या जगाने त्याला वेड्यात काढलं, आणि शास्त्र फिरून त्याच्याच अंगणात आलं. यंत्र बसलं. शेजाऱ्यांना कशाला तोडायचं म्हणून त्याने यंत्राच्या पाण्याचा बाहेरच्या बाजूलाही एक नळ काढून दिला.

पण यंत्राचं एक त्याला खटकायचं. पाणी त्या नळीजवळून किती झटकन जातं. मिठागरावर पाण्याला उन्हात दिवस काढावे लागायचे, आणि इथे डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं म्हणतात. नळीतल्या उन्हाने जे राहिलं असेल ते खऱ्या उन्हाने पुरं करायला काय हरकत आहे? त्याने अंगणात लाकडी घडवंची ठोकली. वर कावळ्यांची घाण पडू नये म्हणून फायबरचा पारदर्शक पत्रा घातला. त्याखाली काचेच्या मोठ्या बरण्या मांडल्या. यंत्राचं पाणी सकाळी बरण्यांत भरायचं, दुपारपर्यंत ऊन दाखवायचं, मग माठात ओतायचं. ते पाणी त्याने पहिल्यांदा शांतीला दिलं तेव्हा ती पेला संपवून म्हणाली, "हां. ह्याला म्हंतात पानी."

काशिरामचा ऊर भरून आला. उकळायचं पातेलं त्याने माळ्यावर टाकलं.

गल्लीनेही ते उचललं. समोरची कृष्णाबाई तर लगेच तयार झाली. तिने आपल्या ओट्यावर तसाच पत्रा टाकला, काशिरामच्या नळाचं पाणी नेऊन तशाच बरण्या मांडल्या. मग तिची जाऊ, मग पलीकडची दोन घरं. काशिराम फिरून फिरून सांगायचा, बरणी इकडे सरकव, सावली पडतेय. सकाळच्या वेळी त्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना पाणी चमकत असायचं. बघायला फार देखणं दिसायचं ते.

पहिल्यांदा शांतीला ताप आला तेव्हा दोष जवळ्याला गेला. मासळी बाजारातला जवळा शिळा होता, असं सगळ्यांनी ठरवलं. इस्पितळात सलाईन लागलं, उतरला ताप. काशिरामने घरी आल्यावर काय करावं? बरण्या आणखी लवकर बाहेर ठेवायला लागला, म्हणजे उन्हाचा एक तासही वाया जायला नको. पुन्हा पोट बिघडलं, या वेळी थंडी वाजून. कुणाच्या तरी बारशाला जेवली होती, तिथलंच काहीतरी असणार. काशिरामने शेवग्याच्या फांद्या तोडून टाकल्या, कारण त्यांची सावली घडवंचीवर पडायची. ती आजारी पडली की तो पाण्याला आणखी उजेड द्यायचा. त्याच्या हातात तेवढंच होतं, आणि तो ते जीव ओतून करत होता. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

निशा तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. एवढं शिकलेली घरातली पहिलीच, त्यामुळे तिच्या अभ्यासात कुणी नाक खुपसत नसे. त्याच सुमारास त्यांच्या कीर्ती मॅडमनी वर्गाकडून एक प्रयोग करून घेतला. जंतू पसरलेल्या काचेच्या बशा जांभळ्या दिव्याखाली धरायच्या. मग काही काळ्या कागदात गुंडाळून कपाटात टाकायच्या, काही खिडकीशी उजेडात ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर कपाटातल्या बशा जवळजवळ कोऱ्या. खिडकीतल्या बशांवर मात्र पांढरे ठिपकेच ठिपके.

"मेले होते ना हे?" कुणीतरी विचारलं.

"मेले नव्हते," मॅडम म्हणाल्या. "त्या किरणाने जंतूच्या डीएनएच्या धाग्यात शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात. मग त्याला तो धागा वाचता येत नाही, एकाचे दोन होता येत नाही. आपण म्हणतो, संपला. पण त्याच्याकडे एक विकर असतं, फोटोलायेज नावाचं. ते जाऊन बरोबर त्या चिकटलेल्या जागी बसतं. अंधारातसुद्धा बसतं. पण काम करायला त्याला ताकद लागते, आणि ती ताकद असते उजेडात. निळा-जांभळा साधा उजेड, खिडकीतून येतो तो. तेवढा पडला की ते चिकटलेलं सोडवतं आणि जंतू उठून बसतो. तोवर वाट बघत राहतं." मग फळा पुसता पुसता त्या म्हणाल्या, "म्हणून यूव्हीचं पाणी कधी उजेडात साठवू नये."

निशाने वही मिटली. तिला दुसरं काही दिसेना, फक्त अंगणातली घडवंची दिसत होती.

घरी आली तर आई पांघरूण घेऊन पडलेली, अंग तापलेलं. निशाने बापाला बाजूला घेतलं. "बाबा, आजपासून आईला उकळलेलंच पाणी द्या. प्लीज."

"आनि यंत्र कशाला घेतलंय?"

"मला ते टेस्ट करायचंय. दोन दिवस फक्त."

काशिरामचा चेहरा पडला. पाण्यावरून त्याला या घरात आजवर कुणी हटकलं नव्हतं. पण पोरीचा आवाज ऐकून त्याने माळ्यावरचं पातेलं उतरवलं. निशाने यंत्राचं पाणी एका बाटलीत घेतलं, बाटलीला काळा कागद गुंडाळला. दुसऱ्या बाटलीत घडवंचीवरच्या बरणीतलं घेतलं. ती कॉलेजला गेली त्या सकाळीच शांतीला इस्पितळात न्यावं लागलं. जंतू रक्तात गेले होते.

दोन दिवसांनी काशिराम कपडे न्यायला घरी आला होता तेव्हा निशा त्या दोन पाण्यांच्या दोन बशा घेऊन अंगणात त्याची वाट बघत होती. तिने एक त्याच्या हातात दिली. जुनी सवय, त्याने ती उन्हात धरली आणि एक डोळा मिटून आरपार बघितलं. तुरळक ठिपके होते.

"ही मशीनमधून सरळ घेतलेली," निशा म्हणाली. "थोडे आहेत, कारण मशीनचा दिवाही जुना झालाय. जांभळा दिसतो, पण जोर गेलाय त्याचा. आता ही बघा. ही तुमच्या बरणीतली."

दुसरी बशी उन्हात धरायची गरजच नव्हती. ती झाकणाखाली दाट भरलेली होती.

"यकच पानी?"

"एकच. मधे फक्त ऊन दाखवलंत."

तिने जमेल तसं समजावलं. दिवा जंतूला जायबंदी करतो, उजेड त्याला बरा करतो. तुमच्या मिठागरावर उघडं कडक ऊन होतं, त्यात भाजून काढायची धग होती. हा पत्रा नेमका ती धग अडवतो आणि जो उजेड जंतूला उपयोगी तेवढाच आत सोडतो. काशिरामने मधेच एकदा विचारलं, "म्हंजे मी त्येंना उटवीत होतो?" निशाला खोटं बोलता आलं नाही.

तो घडवंचीच्या कडेला खाली बसला. बायकोला त्याने आपल्या कुशीतला तुकडा काढून दिला होता, आणि त्याच हाताने रोज पेला भरून हे. शरम अशी काही चढली त्याला की डोळे वर होईनात.

"आयला यातलं काय बोलू नको," शेवटी तो म्हणाला.

"नाही बोलत. पण गल्लीला सांगायला हवं, बाबा. सगळे तेच पितात."

"मी सांगतो. मीच शिकवलंय, मीच सांगीन. आय घरी येऊ दे आदी."

निशाने मान डोलावली. बापाचा तो चेहरा बघून तिला पुढे रेटता आलं नाही.

शांती वाचली. किडनीही कशीबशी वाचली. डॉक्टरांनी या वेळी काशिरामला एकट्यालाच आत बोलावलं. "नशीब समजा," ते म्हणाले. "पुन्हा असं इन्फेक्शन झालं तर ही किडनी राहणार नाही. आणि बाई तरी राहतील का, ते मी सांगू शकत नाही."

काशिरामने पत्रा उतरवला. घडवंची तोडून बंबात घातली. बरण्या मोडीत दिल्या. पाणी पुन्हा खळाखळा उकळू लागलं, स्टीलच्या पिंपात, आतल्या काळोख्या खोलीत. हे सगळं त्याने शांती यायच्या आत उरकलं. कृष्णाबाईने समोरून विचारलं, "मांडव कशाला मोडलाव?" तो म्हणाला, "पत्रा फुटला." ती बिचारी मनाने मोठी. म्हणाली, माझ्या पत्र्याखाली जागा आहे, ठेव तुझी बरणी. तेव्हा सांगायचं होतं त्याला. शब्द अगदी ओठावर आले होते. पण तिच्या मागे ती बरणी उन्हात लखलखत होती, आणि तशी मांडायला तिला त्यानेच शिकवलं होतं. आपल्याच पाण्याने आपली बायको मरता मरता राहिली, हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? उद्या बोलू म्हणून तो आत गेला. बाहेरचा नळ बंद केला तर लोक कारण विचारतील, म्हणून नळही चालूच राहिला. दिवा त्याने नवा बसवून घेतला आणि त्यावर मनाची समजूत घातली. शिवाय गल्लीत सगळे धडधाकट होते. पोट बिघडलं तरी त्यांचं दोन दिवसांत ठीक होत होतं.

"बाबा, सांगितलंत?" निशा रोज विचारायची.

"आज सांगतो."

आणि शांती घरी आल्यावर एक चांगलं झालं होतं, त्यामुळे त्याला धीर आला. या खेपेला तिने उकळलेल्या पाण्यावरून भांडण काढलं नाही. पेला समोर ठेवला की मुकाट्याने जवळ ओढून घ्यायची. आजाराने नरम पडली, त्याला वाटलं. ती चालूफिरू लागली, पुन्हा टोमणे मारू लागली. सकाळी त्याच्या मागे लागून अंगणात खुर्ची टाकायला लावायची. तो गोळ्यांच्या वेळा पाळत होता, पिंपाचं झाकण पुन्हा पुन्हा तपासत होता.

एकदा तो पनवेलच्या बाजारातून औषधं घेऊन अकराच्या सुमाराला परतला. अंगणातली खुर्ची रिकामी. आत बघितलं, पलंग रिकामा. पलंगाजवळच्या तुळशीच्या कुंडीतली माती मात्र ओली चिंब होती, आणि खाली त्याने सकाळी भरून ठेवलेला पेला पालथा पडला होता. तो बाहेर आला तर शांती समोरून येत होती, हळूहळू, पाऊल जपत. हातात काचेचा पेला.

"कुटं गेलतीस?"

"हितंच. कृष्णाबाईकडं." चोरी पकडली गेल्यासारखी ती हसली. "तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलली नाय. तुमचं ते पिंपातलं माज्या घशाखाली जात नाय. पत्रा फुटल्यावर तुमी नवा काय घातला नाय. तिचं बगा कसं हाय. तुमी शिकवलंव तसंच ऊन दावतं ती."

"कदीपासनं?"

"घरी आलते तवापासनं."

तिने पेला पुढे केला. अर्धा प्यालेला होता. काशिरामने तो घेतला आणि त्याचा हात आपोआप वर गेला, उन्हात. पाणी नितळ होतं. तळाशी काही नव्हतं, वर काही तरंगत नव्हतं. पेल्याच्या काचेतून त्याला समोरचा ओटा दिसला, ओट्यावरच्या बरण्या दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी उभी राहून हात हलवणारी कृष्णाबाई दिसली.

"शांती, जरा हिकडं ये," तो म्हणाला. त्याने तिच्या कपाळाला हात लावला.

"काय झालंय तुमाला?" ती म्हणाली. "वाराच गार हाय आज." अंगण उन्हाने तापलं होतं, पान हलत नव्हतं, आणि शांती पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेत होती.